शैवालातली साखर सोडवणारे जिवाणू

प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायला अगारच का वापरतात, याचं उत्तर सूक्ष्मजीवशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही पाठ असतं. अगार साधारण 85 अंशांना वितळतं, 40 अंशांच्या खाली घट्ट होतं आणि एकदा घट्ट झालं की 37 अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये तसंच राहतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बहुतेक जिवाणूंना ते पचत नाही. 1881 पर्यंत रॉबर्ट कॉख आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जिलेटिनवर भागवावं लागे. उन्हाळ्यात ते वितळून जाई आणि कित्येक जिवाणू ते पचवून त्याचं पाणी करत. वाल्टर हेसे या संशोधकाच्या पत्नी फॅनी हेसे यांनी आपल्या स्वयंपाकघरातलं अगार सुचवलं आणि ही अडचण कायमची मिटली. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात पुडिंगसाठी जे चायना ग्रास मिळतं, ते हेच. 1882 च्या क्षयरोगावरच्या निबंधात कॉख यांनी अगारचा उल्लेख केला. फॅनी हेसे यांचं नाव मात्र त्यात आलं नाही, याची खंत आजही वाटते.

जिवाणूंना अगार पचत नाही या नियमाला अपवाद सापडायला फार वर्षं लागली नाहीत. 1902 साली नॉर्वेतल्या बर्गनच्या एच. एच. ग्रान यांना समुद्रात अगार खाणारा जिवाणू मिळाला. असा जिवाणू प्लेटवर ओळखणं अवघड नसतं. त्याची वसाहत वर फुगण्याऐवजी खाली खचत जाते. दोन-तीन दिवसांत तिच्याभोवती खळगा पडतो आणि प्लेट उजेडात तिरपी धरली की त्याचा काठ चमकतो. मग प्लेटवर लुगोलचं आयोडिन ओतायचं. शाबूत अगार तपकिरी होतं आणि जिथे साखळ्या तुटलेल्या असतात तिथे वसाहतीभोवती फिकट कडं उमटतं. आजही या शोधाची पहिली पायरी हीच आहे.

हे कडं नेमकं कशाने पडतं, आणि अगारसारख्या शैवालातल्या इतर बहुशर्करा जिवाणूंची कोणती विकरं कशा तोडतात, हा प्रश्न गेल्या तीसेक वर्षांत बऱ्याच अंशी उलगडला आहे. जे उरलंय ते सोपं नाही. पण ते समुद्रकाठच्या बड्या संस्थांनीच करायचं काम आहे असं समजायचं कारण नाही. सोलापूरसारख्या शहरातल्या प्रयोगशाळांना त्यात भरपूर वाव आहे, असं माझं ठाम मत आहे आणि या आढाव्याचा रोख तिकडेच आहे.

शर्करांच्या साखळ्या तोडण्याच्या कामात सोलापूर नवखं नाही. इथल्या मागावर चढणाऱ्या ताण्याच्या सुताला खळ द्यावी लागते, नाहीतर सूत घासून तुटतं. ही खळ मुख्यतः स्टार्चची. विणून झाल्यावर ती काढली नाही, तर टेरी टॉवेल पाणीच शोषत नाही आणि रंगही सारखा बसत नाही. पूर्वी ती आम्लाने किंवा कापड भिजत ठेवून काढत. 1917 साली बोइदँ आणि एफ्राँ यांनी बॅसिलस जातीच्या जिवाणूपासून मिळवलेल्या अमायलेजचं पेटंट घेतलं आणि तेव्हापासून कापड-प्रक्रियेत हे विकर रुळलं. दुसरं उदाहरण साखर कारखान्यांचं. तोडलेला ऊस फडात किंवा गव्हाणीजवळ पडून राहिला की ल्युकोनोस्टॉक नावाचा जिवाणू त्यातल्या साखरेचं डेक्स्ट्रान बनवतो. रस चिकट होतो, गाळणं अवघड जातं, साखरेचा दाणा लांबट येतो. त्यावर डेक्स्ट्रानेज हे विकर वापरतात. राज्यात सर्वाधिक साखर कारखान्यांचा हा जिल्हा असल्याने शिळ्या उसाचं दुखणं इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

स्टार्च काय किंवा डेक्स्ट्रान काय, दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या. एकच कडी, ठरावीक एक-दोन प्रकारचे जोड. म्हणून एखाद-दुसऱ्या विकरावर भागतं. शैवालात तसं होत नाही आणि त्याची कारणं रसायनातच आहेत. एक तर कड्याच वेगळ्या आहेत: अनहायड्रोगॅलॅक्टोज, ग्युल्युरॉनिक आम्ल, ऱ्हॅमनोज, फ्यूकोज. दुसरं, यातल्या कित्येक साखळ्यांवर जागोजागी सल्फेट चिकटलेलं असतं, आणि ते काढल्याशिवाय खालचा जोड विकराच्या हाती लागत नाही. जमिनीवरच्या झाडांच्या बहुशर्करांमध्ये हे सल्फेट नसतं. तिसरं, कड्यांचा क्रम ठरलेला नसतो; जात, ऋतू, पान कोवळं की जून, यावर तो बदलतो. त्या बदल्यात एक सवलत आहे. शैवालात लिग्निन जवळपास नसतं. उसाच्या बगॅसपासून इथेनॉल करताना लिग्निन जो त्रास देतं तो इथे नाही. त्या जागी सल्फेट आणि मीठ येऊन बसतात.

अगारपासूनच सुरुवात केलेली बरी. जेलिडियम, ग्रासिलारिया अशा लाल शैवालातून ते मिळतं. त्यातला मुख्य भाग अगारोज. त्याची रचना जपानच्या चोजी अराकी यांनी 1950च्या दशकात उलगडली. साधं गॅलॅक्टोज आणि 3,6-अनहायड्रो-एल-गॅलॅक्टोज यांच्या कड्या आलटून पालटून येतात. जोडही दोन प्रकारचे, अल्फा आणि बीटा. अल्फा जोड तोडणारी ती अल्फा-अगारेज, बीटा जोड तोडणारी ती बीटा-अगारेज. निसर्गात बीटा-अगारेज कितीतरी अधिक आढळतात. त्यांनी साखळी कापली की दोन-दोन, चार-चार कड्यांचे तुकडे पडतात. शेवटच्या दोन कड्या सुट्या करायला आणखी एक वेगळं विकर लागतं. मग गॅलॅक्टोज पेशीच्या नेहमीच्या वाटेने जातं. अनहायड्रोगॅलॅक्टोजचं पुढे काय होतं, हे मात्र बरीच वर्षं कोडंच होतं. ते 2015च्या सुमारास कोरियातल्या संशोधकांनी एका व्हिब्रिओ जिवाणूत सोडवलं.

कॅरॅगीनन हे याच घराण्यातलं. आइस्क्रीम, चॉकलेट दूध, टूथपेस्ट यांना जो दाटपणा लागतो तो त्यातून येतो. कप्पा, आयोटा आणि लॅम्डा हे त्याचे मुख्य प्रकार, आणि दर दोन कड्यांमागे अनुक्रमे एक, दोन आणि तीन सल्फेट. सल्फेट वाढत जातं तसं विकरही बदलतं. या विषयातलं सगळ्यात बारकाईचं काम फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरच्या रॉस्कॉफ इथल्या सागरी संशोधन केंद्रात झालं आहे. 1988 साली तिथे एका लाल शैवालावरून वेगळा केलेला जिवाणू आता झोबेलिया गॅलॅक्टॅनिव्होरान्स या नावाने ओळखला जातो. त्याच्या जनुकसंचात सत्तरच्या आसपास सल्फेटेज आहेत. एका जिवाणूला सल्फेट काढायला एवढी हत्यारं का लागावीत? सल्फेट साखळीवर कोणत्या कडीला, कोणत्या कार्बनवर, साखळीच्या टोकाला की मध्ये आहे, यानुसार प्रत्येक वेळी विकर वेगळं. 2017 साली याच जिवाणूतला कॅरॅगीनन पचवण्याचा पूर्ण मार्ग प्रसिद्ध झाला. त्यातली जनुकं एका जागी नसून जनुकसंचात विखुरलेली निघाली.

तपकिरी शैवालातलं अल्जिनेटही मोठ्या व्यापाराचं आणि, माझ्या मते, आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं. 1881 साली इंग्रज रसायनशास्त्रज्ञ ई. सी. सी. स्टॅनफर्ड यांनी ते पहिल्यांदा वेगळं केलं. दातांचं माप घेताना डॉक्टर तोंडात जो मऊ लगदा बसवतात तो अल्जिनेटचा. सुती कापडावर रिअ‍ॅक्टिव्ह रंगांची छपाई करताना रंगाला दाटपणा द्यायला सोडियम अल्जिनेट वापरतात, कारण स्टार्चसारखं ते रंगाशी झटकन संयोग पावत नाही. त्यात सल्फेट नाही. मॅन्युरॉनिक आणि ग्युल्युरॉनिक ही दोनच आम्लं, पण त्यांची मांडणी कधी सलग एका जातीची, कधी सरमिसळ. सलग ग्युल्युरॉनिकचे पट्टे कॅल्शियम धरून ठेवतात. दोन साखळ्यांच्या खोबणीत कॅल्शियमचे आयन अंड्याच्या ट्रेमध्ये अंडी बसावीत तसे बसतात आणि पातळ द्रावणाचं घट्ट जेल होतं. कोणतं विकर चालणार हे या मांडणीवर ठरतं: काही मॅन्युरॉनिकचे पट्टे कापतात, काही ग्युल्युरॉनिकचे, थोडी दोन्ही.

कापण्याची पद्धतही निराळी आहे. अमायलेज किंवा अगारेज पाण्याचा रेणू घालून जोड तोडतात. अल्जिनेट लायेज पाणी वापरतच नाही. ते कडीच्या पाचव्या कार्बनवरचा प्रोटॉन खेचून घेतं, जोड सुटतो आणि नव्या टोकाला चौथ्या व पाचव्या कार्बनमध्ये दुहेरी बंध तयार होतो. हा बंध 235 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश शोषतो. क्युव्हेटमध्ये अल्जिनेटचं द्रावण घ्या, थोडा जिवाणूचा अर्क घाला आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरचा आकडा बघत बसा. विकर असेल तर तो डोळ्यांदेखत चढत जातो. शैवालातल्या बहुशर्करांवर काम सुरू करायचं असेल तर याच्याइतकी स्वस्त आणि स्वच्छ चाचणी दुसरी नाही. अगारेजसाठी डीएनएस अभिकर्मकाची चाचणी हा जुना मार्ग आहेच. पिवळं अभिकर्मक तापवल्यावर विटकरी होतं, कारण सुटलेल्या टोकांमुळे ते बदलतं. पण अनहायड्रोगॅलॅक्टोज, माध्यमातले क्षार यांमुळे त्याचे आकडे सावधपणे वाचावे लागतात.

कोणता जिवाणू ही साखळी कशी खातो, यातही मोठी विविधता आहे. बाहेर विकर सोडून तुकडे करणं आणि मग ते आत घेणं, ही सर्वसाधारण रीत. जपानमध्ये क्योटोच्या संशोधकांना मात्र स्फिंगोमोनास जातीचा ए-1 हा जिवाणू मिळाला, जो पेशीच्या पृष्ठभागावर खड्डा उघडून अल्जिनेटची अखंड साखळी गिळतो आणि आत गेल्यावर तोडतो. समुद्रातल्या व्हिब्रिओंवर 2016 साली झालेलं काम मला या सगळ्या साहित्यातलं सर्वांत बोलकं वाटतं. जवळच्या नात्यातल्या जातींमध्ये अल्जिनेटसाठी तीन प्रकारची वागणूक दिसली. काही जिवाणू लायेज पाण्यात मोकळं सोडतात आणि घट्ट जेल फोडतात. काही ते आपल्या पेशीलाच जखडून ठेवतात, म्हणजे आधीच सुटलेल्या साखळ्या स्वतःपुरत्या कापता येतात. उरलेल्यांकडे बाहेरची साखळी कापणारं विकरच नसतं. दुसऱ्यांनी पाडलेले बारीक तुकडे उचलून ते जगतात. हे भेद जनुकांच्या देवाणघेवाणीतून आणि प्रतींच्या संख्येतून आलेले आहेत. कुणाकडे किती अल्जिनेट लायेज आहेत आणि ती पेशीत कुठे ठेवलेली आहेत, यावर त्या जिवाणूची उपजीविका ठरते.

जर्मनीतल्या ब्रेमेनच्या माक्स प्लांक संस्थेने उत्तर समुद्रातल्या हेल्गोलँड बेटाजवळ वर्षानुवर्षं नमुने घेऊन दाखवलं की वसंतात सूक्ष्म शैवालाचा बहर ओसरू लागला की एकामागून एक वेगवेगळे जिवाणू पुढे येतात. त्यांना एका क्रमाने खाद्य मिळतं: आधी सोपं लॅमिनारिन, मग अवघड सल्फेटयुक्त साखळ्या. लॅमिनारिन ही शैवालाची साठवणीची साखर, आपल्या स्टार्चच्या जागी असलेली. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार समुद्रात तरंगणाऱ्या सेंद्रिय कणांमधल्या कार्बनपैकी सरासरी चतुर्थांशाच्या आसपास लॅमिनारिन असतं. पृथ्वीवरच्या कार्बनचा हिशेब मांडताना या जिवाणूंना वगळून चालत नाही.

हिरव्या शैवालातलं उल्वान 2019 मध्ये पूर्ण सोडवलं गेलं. फॉर्मोसा अगारिफिला या जिवाणूतली 12 विकरं एकेक करून तयार करण्यात आली. कोण आधी, कोण नंतर, हे निश्चित झालं आणि उल्वानपासून थेट सुट्या शर्करांपर्यंतची वाट दाखवून दिली गेली. कोकणाच्या खडकांवर भरतीच्या रेषेत जी हिरवी, पातळ, पानासारखी शैवालं दिसतात ती याच उल्व्हा जातीची. म्हणून हे काम आपल्याकडे वाचलं गेलं पाहिजे.

आणि फ्यूकोइडान! स्वीडनच्या क्यूलिन यांनी 1913 साली वर्णन केलेली ही साखळी आजही सर्वांत चिवट आहे. फांद्या, सल्फेट, अ‍ॅसिटेट, आणि जातीगणिक बदलणारी रचना. 2020 मध्ये लेंटिमोनास या जिवाणूवरच्या अभ्यासातून कळलं की एका प्रकारचं फ्यूकोइडान पचवायला त्याला सुमारे शंभर विकरं लागतात. एवढा खर्च फार थोड्या जिवाणूंना परवडतो, म्हणूनच फ्यूकोइडान समुद्रात टिकून राहतं आणि तपकिरी शैवालाने पकडलेला कार्बन दीर्घकाळ अडकून पडण्याची शक्यता त्यातून निर्माण होते. कर्करोगापासून केसगळतीपर्यंत सगळ्यावर उपाय म्हणून बाजारात विकल्या जाणाऱ्या फ्यूकोइडानच्या कॅप्सूल पाहिल्या की या शंभर विकरांची आठवण ठेवावी. रेणूची रचनाच प्रत्येक बाटलीत वेगळी असताना त्याचा परिणाम एकसारखा असल्याचा दावा कुणी करू नये.

माणसाच्या आतड्यातही ही गोष्ट पोहोचली आहे. 2010 साली 'नेचर'मध्ये आलेल्या शोधनिबंधात हेहेमान आणि रॉस्कॉफमधल्या सहकाऱ्यांनी दाखवलं की जपानी लोकांच्या आतड्यातल्या एका बॅक्टेरॉइडिस जिवाणूत पॉर्फिरानेज आहे, म्हणजे नोरी या खाण्याच्या लाल शैवालातली साखळी तोडणारं विकर. त्याचं जनुक समुद्री जिवाणूकडून आलेलं होतं. उत्तर अमेरिकेतल्या लोकांच्या उपलब्ध नमुन्यांत ते नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या खाल्लेल्या शैवालाबरोबर पोटात गेलेल्या जिवाणूंनी आतड्यातल्या रहिवासी जिवाणूंना हत्यार दिलं, असा त्याचा अर्थ. नंतर अगार, कॅरॅगीनन, अल्जिनेट यांच्याही बाबतीत अशी उसनवारी आढळली आहे. महाराष्ट्रात शैवाल ताटात जवळपास नसतं. पण चायना ग्रास, आइस्क्रीम आणि पोटात जळजळ झाल्यावर घेतली जाणारी अल्जिनेटयुक्त औषधं यांतून या साखळ्या आपल्याही पोटात जात असतात. मराठी माणसाच्या आतड्यात कोणती विकरं आहेत हा चांगला संशोधनविषय आहे.

आता उपयोगाकडे. 2012 साली 'सायन्स'मध्ये वारगाकी आणि सहकाऱ्यांचा निबंध आला तेव्हा खळबळ उडाली. त्यांनी व्हिब्रिओ स्प्लेंडिडसमधला अल्जिनेट पचवणाऱ्या जनुकांचा मोठा तुकडा ई. कोलायमध्ये बसवला आणि तपकिरी शैवालापासून थेट इथेनॉल काढलं: कोरड्या शैवालाच्या वजनाच्या 28 टक्के, म्हणजे कमाल शक्य उत्पन्नाच्या सुमारे 80 टक्के. विज्ञान म्हणून ते काम उत्तम आहे. महाराष्ट्रासाठी शैवालाचं इथेनॉल हा मार्ग आहे असं मात्र मला वाटत नाही. ओल्या शैवालात ऐंशी-नव्वद टक्के पाणी असतं, वाळवल्यावर क्षारांचं प्रमाण मोठं राहतं, ते यीस्टला जड जातं, आणि मळी किंवा उसाच्या रसाशी किमतीत स्पर्धा करणं जवळपास अशक्य. इथेनॉलचा हिशेब सोलापूरच्या कारखानदाराला पाठ आहे. तो हा सौदा करणार नाही.

खरी किंमत आहे ती छोट्या तुकड्यांत. अल्जिनेटचे दहा-वीस कड्यांच्या आतले तुकडे झाडांच्या मुळांवर आणि प्रतिकारशक्तीवर परिणाम करतात. लॅमिनारिन तर युरोपात पिकांच्या रोगप्रतिकारासाठी नोंदणीकृत उत्पादन म्हणून वापरलं जातं. आणि इथे सोलापूरचा शेतकरी थेट येतो. नान्नज परिसरातल्या द्राक्षबागा असोत की सांगोल्याकडचं डाळिंब, 'सीवीड' हा शब्द बागायतदाराच्या तोंडी बसलेला आहे. पांढरी मुळी चालावी म्हणून ते ड्रिपमधून सोडतात, सेटिंगच्या वेळी फवारतात. इफ्कोचं सागरिका हे सीवीड उत्पादन भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेच्या तंत्रज्ञानावर आधारलेलं आहे. ही संस्था 1954 मध्ये सुरू झाली. कप्पाफायकस या लाल शैवालातून रस आणि कॅरॅगीनन दोन्ही वेगळे काढण्याची पद्धत तिथेच विकसित झाली. 2021 साली केंद्र सरकारने अशा जैवउत्तेजकांना खत नियंत्रण आदेशाखाली आणलं, आणि ते फार आधी व्हायला हवं होतं.

पण बाटलीत काय आहे? बहुतेक अर्क क्षाराने, आम्लाने किंवा नुसत्या दाबाने काढलेले असतात. त्यात साखळीचे तुकडे असतात तेही कोणत्या लांबीचे, हे नियंत्रणात नसतं. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी अलीगढ मुस्लिम विद्यापीठाबरोबर एक वेगळी वाट चोखाळली. गॅमा किरणांनी सोडियम अल्जिनेटचे तुकडे करून पुदिना, आर्टेमिसिया अशा पिकांवर फवारले आणि वाढ व तेलाचं प्रमाण सुधारल्याचं दाखवलं. किरण कुठेही तोडतात. विकर ठरलेल्या जागी तोडतं. ज्या पिकाला ज्या लांबीचा तुकडा लागतो तोच द्यायचा असेल तर विकराला पर्याय नाही. शेतकऱ्याने लिटरमागे मोजलेल्या पैशांचं सार्थक व्हायचं असेल तर हे संशोधन आपल्याकडेच, आपल्या बागांवर व्हावं. 2005 पासून सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. चाचणीला यापेक्षा चांगली जागा देशात नाही.

देशात शैवाल वाढवण्यावर मोठी रक्कम लागते आहे. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत 2020 पासून शैवालासाठी 640 कोटी रुपयांची तरतूद आहे. तमिळनाडूत मंडपमच्या किनाऱ्यावर महिला बचतगट तराफ्यांवर कप्पाफायकस लावतात. 2013 नंतर पाणी तापल्याने आणि रोगाने तिथलं उत्पादन कोसळलं, हेही विसरू नये. वाढवलेलं शैवाल सुकवून पाठवायचं, आणि शुद्ध अगारोज व विकरं परदेशी कंपन्यांकडून चढ्या भावाने विकत घ्यायची, हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. कोकणात मालवण, कुणकेश्वर, रत्नागिरीच्या खडकांवर सरगॅसम, उल्व्हा, ग्रासिलारिया सगळं आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले विनोद धारगळकर आणि देवानंद कवळेकर यांनी 2004 साली शैवाल ओळखण्याची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. शैवालं ओळखण्याचं काम चांगलं झालं आहे. किनाऱ्यावर सडणाऱ्या सरगॅसममध्ये राहणाऱ्या जिवाणूंची तशी पद्धतशीर नोंद अजून व्हायची आहे.

तोवर सोलापूरने काय करावं? पहिलं म्हणजे समुद्राची वाट पाहू नये. अगार खाणारे जिवाणू जमिनीतही असतात. स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर हा मातीतला जिवाणू अगार तोडतो हे स्टॅनियर यांनी 1942 सालीच लिहून ठेवलं आहे. त्याच्या अगारेजचा अभ्यास नंतर जनुकापर्यंत गेला. काळ्या जमिनीतून असे जिवाणू वेगळे करायला अगारशिवाय कार्बनचा दुसरा स्रोत नसलेलं माध्यम, आयोडिन आणि चिकाटी एवढंच लागतं.

दुसरी गोष्ट मला याहून जवळची वाटते. रब्बी ज्वारीच्या बियाण्याला अ‍ॅझोटोबॅक्टरची बीजप्रक्रिया करणं सोलापूरच्या शेतकऱ्याला नवीन नाही. हा अ‍ॅझोटोबॅक्टर स्वतः अल्जिनेट बनवतो. 1966 च्या सुमारास हे कळलं तेव्हा अल्जिनेट केवळ समुद्रातलं असतं ही समजूत मोडली. जमीन सुकली की तो स्वतःभोवती कवच करून पुटी होऊन बसतो आणि त्या कवचात अल्जिनेट असतं. पुन्हा ओल आली की कवच फोडून बाहेर पडायचं असतं. व्हिनेलँडाय या जातीवरच्या कामातून असं दिसलं की पुटी नीट उघडण्यासाठी त्याचं स्वतःचंच एक अल्जिनेट लायेज लागतं. म्हणजे समुद्रात शैवाल फस्त करणाऱ्या विकराचं जमिनीवरचं नातलग अवर्षणी जमिनीत जीव टिकवण्याच्या कामी येतं. 1933 पासून कोरडवाहू शेतीवर संशोधन चाललेल्या या शहरात हा विषय घ्यायचा नाही तर कुठे?

खरी अडचण सल्फेटेजची आहे. जनुकांच्या याद्या वेगाने वाढत आहेत. फ्रान्समध्ये मार्सेलहून चालवली जाणारी कॅझी ही कर्बोदकांवर काम करणाऱ्या विकरांची सूची, आणि रॉस्कॉफची सल्फअ‍ॅटलस ही सल्फेटेजची सूची, दोन्ही कुणालाही मोफत पाहता येतात. पण यादीतली बहुतेक नावं केवळ साधर्म्यावरून लावलेली आहेत. प्रत्यक्ष हातात घेऊन तपासलेली विकरं त्यातला छोटा हिस्सा. सल्फेटेज तर ई. कोलायमध्ये बनवताना अडतं, कारण त्याच्या गाभ्यातलं सिस्टीन किंवा सेरिन फॉर्मिलग्लायसिनमध्ये बदलल्याशिवाय ते निष्क्रिय राहतं, आणि हा बदल करणारं साहाय्यक विकर वेळेवर पुरेसं मिळतंच असं नाही. नव्या निबंधांची संख्या पाहून हुरळण्यापेक्षा एकेक सल्फेटेज सक्रिय करून त्याचं खाद्य शोधणं हे काम मोलाचं आहे. त्यात यंत्रांपेक्षा मनुष्यबळ अधिक लागतं, आणि ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या आणि त्याच्याशी संलग्न महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आहे.

सुरुवात अ‍ॅझोटोबॅक्टरपासून करता येईल. मे महिन्याच्या शेवटी कोरड्या शेतातून वीतभर खोलीवरची माती घ्यायची, आणि जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाल्यावर त्याच ठिकाणाहून पुन्हा. दोन्हींतून अ‍ॅझोटोबॅक्टर वेगळा काढायचा, पुटी किती आणि उघडलेल्या पेशी किती ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं, अर्कातलं लायेज 235 नॅनोमीटरला तपासायचं. जी वाणं ओल मिळताच लवकर जागी होतात ती वेगळी ठेवून पुढच्या हंगामात मंगळवेढ्याच्या ज्वारीवर लावून पाहायची.